साखरेच्या जिल्ह्यातली बिनसाखरेची गोडी

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की पूर्वी पाहुण्याची तक्रार एकच असे : 'अहो, एवढे कोण खाणार?' हल्ली दुसरीच ऐकू येते, आणि तीही हळू आवाजात : 'मला साखर चालत नाही.' हे वाक्य कानी पडताच घरच्या गृहिणीची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. लाडू मागे जातो, चकली पुढे येते, चहा बिनसाखरेचा होतो, आणि तेवढ्यात घरातला एखादा कॉलेजकुमार शीतकपाटातून काळ्या पेयाची बाटली काढून म्हणतो, 'काका, ही घ्या. गोड आहे, पण साखर नाही.' काका ती बाटली उजेडात धरून, पाचशेची नोट पारखावी तशी पारखतात. गोड आहे आणि साखर नाही, हे त्यांच्या पिढीला पटणार कसे?

काकांची शंका रास्त आहे. त्या बाटलीमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात योगायोग आहेत, खटले आहेत, बंदी आहे, आणि मोक्याच्या जागी एक मराठी आडनावही आहे. तो सोलापुरात बसून सांगावा यातही औचित्य आहे. कारण हा जिल्हा साखरेचा.

सोलापूरचे नाव काढले की लोकांना चादर आठवते, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आठवते. पण गावाबाहेर पडून माळशिरस-पंढरपूरच्या वाटेला लागा. ज्वारीच्या या मुलखात उसाचे फड डोळ्यांत भरतात. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनीच काढलेल्या कारखान्यांत तो अगदी आरंभीचा. पुढे सहकाराचे युग आले, भीमेवर उजनीचे धरण झाले, आणि आज राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, रस्त्याच्या कडेला रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजू लागतात, आणि तहानलेल्या माणसाची पावले आपोआप तिकडे वळतात. अशा गावात मधुमेह्याने राहावयाचे म्हणजे देवळाच्या दारात राहून दर्शनाला मुकण्यासारखेच.

मधुमेह ही काही आजची व्याधी नव्हे. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांत मधुमेह आहे. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे त्या काळच्या वैद्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. कारणे सांगताना चरकाने बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेतली. ही यादी आपल्या दिवाळीच्या सुट्टीच्या कार्यक्रमाशी किती जुळते ते ज्याचे त्याने पाहावे! उपायही मोठे सरळ होते. आहारात जव, आणि शरीराला श्रम. निर्धन रोग्याने अनवाणी शंभर योजने चालत जावे, असे सुश्रुत सांगतो. औषधाला पैसे नसतील तर पाय आहेतच, असा त्याचा रोखठोक हिशेब.

मूत्रातली ती गोडी साखरेचीच, हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ साली दाखवून दिले. परंतु उपचारांत फारसा पालट व्हावयास आणखी दीड शतक जावे लागले. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणले आणि पुढल्याच जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते टोचले. तोवर डॉक्टरांपाशी रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे इलाज नव्हता. इन्सुलिनने मधुमेह्याला आयुष्य दिले. आयुष्य मिळाले तशी त्यातल्या गोडीची आठवणही परत आली, आणि तेथून आपल्या बाटलीची कथा सुरू होते.

या कथेतली मौज अशी, की बिनसाखरेची गोडी कोणी शोधायला गेलेच नव्हते. १८७९ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फाहलबर्ग हा रसायनज्ञ कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होता. रात्री जेवायला बसला तो हातातला पाव गोड लागला. हात नीट धुतलेले नव्हते! ती गोडी सॅकरिनची. साखरेच्या तीनशे पटींहून अधिक. १९३७ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा याला प्रयोगशाळेत सिगारेट गोड लागली. त्यातून सायक्लामेट निघाले. १९६५ साली जेम्स श्लॅटर याने कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावले आणि अ‍ॅस्पार्टेम सापडले. 'हात धुतल्याशिवाय पानावर बसायचे नाही' असे बजावणारी आजी या मंडळींच्या घरी असती, तर मधुमेह्यांच्या नशिबी कडू चहाच राहिला असता.

इकडे गोड पेयांचा प्रवास निराळ्याच वाटेने चालला होता. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली याने १७६७ साली पाण्यात वायू मिसळून सोडावॉटर केले. १८७२ साली हायरम कॉड याने गळ्यात काचेची गोटी अडकवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. तीच आपली गोटी सोड्याची बाटली. ती फुटली तर दुकानदाराला दुःख आणि पोरांना गोटी! पुण्यात अर्देशीर यांचा पारशी सोडा १८८४ पासूनचा. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कोकाकोला दिल्लीत आला, परकीय चलनाच्या कायद्यापायी १९७७ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या पार्लेचे थम्सअप आले. कोकाकोला १९९३ साली परतला आणि त्याने थम्सअपच विकत घेतले. या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र कायम राहिली : ती म्हणजे साखर. नेहमीच्या कोला पेयात शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक. चहाचे सहा-सात चमचे! इतकी साखर चहात घातली तर आपण तो कप खाली ठेवू. परंतु थंडाव्याने जिभेला गोडी कमी जाणवते आणि आंबटपणा ती झाकून टाकतो. शिवाय पातळ रूपातली साखर रक्तात पोचायला वेळ लावत नाही. लाडू निदान चावावा तरी लागतो.

बिनसाखरेचे शीतपेय बाजारात आले ते मात्र सडपातळ होण्याच्या हौसेतून नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हायमन कर्श नावाचा सोड्याचा एक व्यापारी होता. दीर्घकाळ आजारी राहणाऱ्यांसाठी असलेल्या एका यहुदी रुग्णालयाशी त्याचा संबंध होता. तिथल्या मधुमेही रोग्यांनाही काहीतरी गोड, फसफसणारे पिता यावे म्हणून त्याने १९५२ साली सायक्लामेट घालून 'नो-कॅल' हे आल्याच्या चवीचे पेय काढले. ते रोग्यांपेक्षा वजनाची चिंता करणाऱ्या निरोगी लोकांनीच जास्त उचलले, तेव्हा मोठ्या कंपन्यांचे डोळे उघडले. १९६३ साली कोकाकोलाचे 'टॅब' आले, पाठोपाठ 'डाएट पेप्सी', आणि १९८२ साली 'डाएट कोक'. रुग्णालयातून निघालेली बाटली अशी फॅशनच्या दुकानात जाऊन बसली.

मग संशयाचे पर्व सुरू झाले. उंदरांवरच्या प्रयोगांनंतर अमेरिकेने १९६९ मध्ये सायक्लामेटवर बंदी घातली. १९७७ मध्ये सॅकरिनवर तीच पाळी येणार होती. पण लोकांनी, विशेषतः मधुमेह्यांनी, एवढा गिल्ला केला की बंदीऐवजी बाटलीवर इशारा छापण्यावर निभावले. उंदराच्या मूत्राशयात जे घडते ते माणसात तसे घडत नाही असे पुढे ध्यानात आले, आणि २००० साली कर्ककारक द्रव्यांच्या अमेरिकन यादीतून सॅकरिनचे नाव निघाले. २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमची पाळी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 'कदाचित कर्ककारक' अशा वर्गात त्याला टाकले, तर त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञसमितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलो वजनाच्या माणसाने ती ओलांडायची तर दिवसाकाठी असल्या पेयाचे ९ ते १४ डबे रिचवावे लागतील. एवढे पाणीसुद्धा आपण पीत नाही!

आता त्या मराठी आडनावाकडे वळू. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक काम करीत होते. साखरेपासून आणखी कोणती उपयुक्त द्रव्ये करता येतील याचा शोध चालू होता, आणि त्यात 'टेट अँड लाइल' ही इंग्लंडची साखर कंपनीच सहभागी होती. साखरेच्या कणात क्लोरीन बसवून केलेले एक द्रव्य तपासून पाहा, म्हणजे 'टेस्ट' करा, असे फडणिसांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले 'टेस्ट'च्या जागी 'टेऽस्ट', म्हणजे चाखून पाहा! त्यांनी चमच्याच्या टोकावर घेऊन ते जिभेवर ठेवले. ते साखरेच्या सहाशे पट गोड निघाले. त्याचेच नाव सुक्रालोज. साखरेच्या मूळ रचनेतल्या तीन जागी क्लोरीनचे अणू बसले की शरीर तिला इंधन म्हणून ओळखत नाही. बहुतांश तशीच बाहेर टाकते. गोडीची ओळख जिभेला पटते, रक्ताला पटत नाही. साखरेशिवायची ही गोडी जन्मली मात्र साखरेच्याच पोटी. साखरेच्या जिल्ह्यातल्या माणसाला याहून गमतीची गोष्ट कोणती सांगावी?

इतिहास झाला, पण काका अजून बाटली धरून बसले आहेत. त्यांनी ती प्यावी की नाही? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दिसून आले. तेव्हा हा प्रश्न एकट्या काकांचा उरलेला नाही. साखरेची बाटली की बिनसाखरेची, एवढाच सवाल असेल तर उत्तर सोपे आहे : बिनसाखरेची. तिने रक्तातली साखर एकदम चढत नाही. मात्र लेबल वाचावे. 'वरून साखर घातलेली नाही' म्हणजे 'साखर नाही' असे नव्हे. फळांच्या रसात फळाची साखर असतेच, मग ते आपल्या सोलापूरचे डाळिंब का असेना. मध, गूळ आणि उसाचा रस नैसर्गिक आहेत म्हणून रक्त त्यांना सवलत देत नाही. आणि सणावाराची बाटली रोजची होऊ देऊ नये. गोडीची चटक गोडीनेच वाढते, आणि केवळ वजन उतरवण्यासाठी या द्रव्यांच्या भरवशावर राहू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. तो देताना मधुमेह्यांना तिने त्यातून वगळले, हेही ध्यानात ठेवावे. रोजच्या तहानेला पाणी, पातळ ताक, लिंबू पिळलेला साधा सोडा यांची बरोबरी कोणती बाटली करणार?

पण एक प्रसंग असा आहे की तिथे हीच शहाणी बाटली कुचकामाची ठरते. आमच्या नात्यातले एक गृहस्थ इन्सुलिन घेणारे. वैशाखातले लग्न, मुहूर्त लांबला, पंगत लांबली, आणि सकाळी टोचून घेतलेले इन्सुलिन काही पंगतीसाठी थांबले नाही. त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. एका भाच्याने मोठ्या मायेने धावत जाऊन बिनसाखरेचे पेय आणले. 'मामांना साखर चालत नाही' हे त्याने पक्के लक्षात ठेवले होते. मामांनी अर्धी बाटली प्यायली; काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात आचाऱ्याने ओळखले. त्याने तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पेला त्यांच्या ओठांना लावला. पंधरा मिनिटांत मामा स्वतःच्या पायांवर उभे राहून पंगतीची चौकशी करू लागले. रक्तातली साखर उतरली तर हवी ती खरी साखर : पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, किंवा साखरेच्या शीतपेयाचा अर्धा पेला. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा.

म्हणून या दिवाळीत शीतकपाटात दोन्ही बाटल्या ठेवा. एक रोज उपयोगी पडणार नाही अशी आशा करू या. पण ती असलेली बरी. पाहुणा 'साखर चालत नाही' म्हणाला, तर 'आज सण आहे, एका लाडवाने काय होते?' असा आग्रह धरू नका. त्या आग्रहात प्रेम असते हे खरे. पण त्या प्रेमाचा हिशेब रात्री पाहुण्याचे रक्त चुकते करते. त्याला अपराध्यासारखे कोपऱ्यात कडू चहा घेऊनही बसवू नका. पेला पुढे करण्याआधी एवढेच विचारा : 'काका, तुम्हाला काय चालेल?' या प्रश्नात जी गोडी आहे ती ना उसातून निघते, ना प्रयोगशाळेतून. आणि तिला अजून कोणत्याही सरकारने बंदी घातलेली नाही.