अमातींच्या घरातील उमेदवार

पो नदीकाठच्या क्रेमोना शहरावर स्पेनच्या राजाचा अंमल असताना, सोळाव्या शतकाच्या मध्यास, आंद्रेआ अमाती नामक कारागिराने व्हायोलिनला जे रूप दिले, ते किरकोळ फेरफार वगळता आजतागायत कायम आहे. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्सच्या दरबारासाठीही त्याने वाद्ये घडविली; विद्या मात्र घराबाहेर गेली नाही. बापाने मुलास व मुलाने नातवास शिकवावे, ही आपल्या गायकांच्या घराण्यांत मुरलेली रीत अमातींनीही निष्ठेने सांभाळली.

ती मोडली १६३० च्या प्लेगने. दुष्काळाने आधीच खंगलेल्या शहरात आंद्रेआचा मुलगा जिरोलामो दगावला, आणि साऱ्या कारखान्याचा भार तिशी ओलांडलेल्या, अद्याप अविवाहित अशा त्याच्या मुलावर, निकोलोवर, एकट्यावर येऊन पडला. मागणी होती, हात नव्हते. तेव्हा परक्या कुळातील मुलांना उमेदवार म्हणून ठेवून घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही. १६४१ च्या खानेसुमारीत त्याच्या घरी आंद्रेआ ग्वार्नेरीची नोंद सापडते, आणि १६४५ साली निकोलोच्या विवाहास साक्षीदार म्हणून उभा राहिला तोही हाच उमेदवार.

शिकायचे ते असे : साच्याभोवती मेपलच्या पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवाव्या, स्प्रूसची पुढची फळी दोन-तीन मिलिमीटर जाडी उरेपर्यंत आतून तासावी, आणि कडेलगत बारीक खाच पाडून काळी-पांढरी-काळी अशी तिपदरी किनार सरसाने बसवावी. ही किनार केवळ शोभेची नव्हे. कडेला पडलेली चीर तिच्यापाशी अडते.

अंतोनिओ स्ट्रॅडिव्हरी हाही निकोलोचाच शिष्य, असे सर्रास सांगतात. त्यास आधार १६६६ च्या एका व्हायोलिनमधील चिठ्ठीचा. खानेसुमारीत निकोलोच्या घरी त्याचे नाव नाही. चिठ्ठी गिऱ्हाइकासाठी लिहिलेली असते, म्हणून मला तरी खानेसुमारीचाच भरवसा अधिक वाटतो. परक्यांना विद्या दिल्याबद्दल निकोलोचे औदार्य वाखाणणारेही पुष्कळ आहेत, पण गरजेला औदार्य म्हणण्याचे कारण नाही.

स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये, अमातींचा अखेरचा कारागीर १७४० मध्ये आणि ग्वार्नेरीचा नातू जुझेप्पे १७४४ मध्ये निवर्तला. स्ट्रॅडिव्हरीचा मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी. त्याने बापाचे साचे, नमुने व हत्यारे कोझिओ नामक उमरावास विकण्याचा सौदा केला. तो ऐवज विसाव्या शतकात फियोरिनी या कारागिराने विकत घेऊन १९३० साली क्रेमोनास दान दिला, आणि १९३८ मध्ये तेथे व्हायोलिन घडविण्याची शाळा निघाली. तीत देशोदेशीचे विद्यार्थी शिकतात.