पाण्याचीही वारी

आषाढीला आपण देहू-आळंदीहून निघतो नि मजल-दरमजल करीत पंढरीला पोचतो. पण माउली, त्याच दिशेने आणखी एक वारी चाललेली असते, ती पाण्याची. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठाही पुढे भीमेतच जाते. सासवडची कऱ्हा नीरेला आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. ज्या नद्या ओलांडत आपण चालतो, त्याच एकमेकींना भेटत पंढरपूरला येतात. तिथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणायचे. दिंडीच्या शताब्दीनिमित्त या दुसऱ्या वारीचीही आठवण ठेवावी, म्हणून हे चार शब्द.

आपल्या संप्रदायाने झाड, पाणी, जनावर यांच्याकडे कसे पाहिले? 1290 साली प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. तिच्या शेवटी माउलींनी मागणे मागितले ते सगळ्या प्राणिमात्रांसाठी, नुसत्या माणसांसाठी नव्हे. पुढे अमृतानुभवात त्यांनी जगाला खोटे म्हणून टाकून दिले नाही. हे सारे चैतन्याचाच विलास आहे, असे सांगितले. याला चिद्विलास म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा. जग जर देवाचेच रूप, तर ओढ्याला लाथाडून देवळात जाता येत नाही.

हा विचार पोथीत राहिला नाही. अरणच्या सावतोबांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे. म्हणून आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे आणि लोक तिथे माथा टेकतात. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. या कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकल्या. प्रत्येकीत सोवळे एका बाजूला राहते आणि भुकेला-तहानलेला जीव आधी येतो.

तुकोबांचे तर आणखी विशेष. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, दाणा नाही. तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बसला. निसर्गाने ज्यांचे घर असे मोडले, तेच पुढे भामचंद्र नि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले आणि झाडांना, पाखरांना आपले सोयरे म्हणाले. हे सुखवस्तू माणसाचे कौतुक नव्हे. सोयरा कधी रागावतो, कधी पाठ फिरवतो, म्हणून नाते तुटत नाही, ही ती समज. गाथा इंद्रायणीत बुडवल्या, तेव्हा नदीने त्या 13 दिवसांनी परत दिल्या, असे आपण मानतो. नदीने ठेव सांभाळली.

पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व त्यात आले. रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावतो आणि त्याच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान होते. वारीचे वेळापत्रकही शेताशी बांधलेले. पेरणी उरकायची नि आषाढीला निघायचे. पाऊस लांबला की शेतकरी वारकऱ्याचे चित्त अर्धे शिवारात राहते, हे आजही खरे.

पण पूर्वी सगळे चोख होते, असे मात्र नाही. इंग्रजी अमलात पंढरीच्या यात्रेतून पटकीच्या साथी पसरत. पाणी पवित्र मानले म्हणून ते रोगापासून राखले जात नाही, हा धडा तेव्हाचा आहे. आता ओझे वाढले. वरच्या गावांचे, शहरांचे, कारखान्यांचे सांडपाणी नदीत येते. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण पाहिला. चंद्रभागेच्या वाळवंटात वाळूउपशाने खड्डे पडले. 2016 साली सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केले. पण सगळा दोष वरच्यांवर टाकून कसे चालेल? पळसाच्या पत्रावळी गेल्या आणि प्लॅस्टिकची ताटे आली, ती आपल्याच पंगतीत. स्नान करून ओले कपडे नि निर्माल्य पात्रात सोडणारे हातही माळकऱ्यांचेच.

‘गंगेला कसला मळ?’ असे म्हणून आपण सुटतो. म्हणजे पावित्र्याचीच ढाल करून नदीला सोडून देतो. संतांनी याच्या उलट केले. नाथांनी तीर्थ कावडीत जपण्यापेक्षा जीव जपला. मग आजची कसोटी सोपी आहे. जे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजवत नाही, ते आपण तीर्थ म्हणून ओंजळीत कसे घ्यावे?

शंभर वर्षांत दिंडीने टाळ, वीणा, पताका, नेम सांभाळला. पुढच्या शंभरात एवढे जोडावे: पंगतीला पुन्हा पानांची पत्रावळ, मुक्काम सोडताना जागा झाडून घेणे, पात्रात काही न सोडणे आणि गावी परतल्यावर आपल्या ओढ्याची चौकशी. कारण आपला ओढाही कोणत्या ना कोणत्या नदीला मिळतो. त्याचीही वारी चालू आहे.

रामकृष्णहरी.