नावडतीचं मीठ आणि व्होकेशनलचा वर्ग

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी सूचनांचा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, कुणाचा कुत्रा कुठे काय करतो, असल्या मजकुराचा. गेल्या आठवड्यात तिथे एक रंगीत कागद लागला. 'आठवी ते दहावीच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग. व्यवसायाची ओळख आणि करिअरची तयारी.' दहा दिवस, रोज दोन तास, आणि फी माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. (मी १९७४ साली शिक्षक झालो, तेव्हा त्यात आश्चर्य काही नाही.) सातव्या मजल्यावरची नववीतली मुलगी लिफ्टमध्ये म्हणाली, "आजोबा, आम्ही बिझनेस प्लॅन करणार आहोत." म्हटलं, कशाचा? तर म्हणाली, "ते तिथे गेल्यावर ठरवणार."

गावाच्या नावातच सौदागर, आणि सौदा शिकवायला माणसं बाहेरून येणार! असो.

वर्ग घेणाऱ्या बाईंनी मला पहिल्या दिवशी दहा मिनिटं बोलायला सांगितलं. "सर, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, काहीतरी प्रेरणादायी सांगा." मी हो म्हणालो आणि टिपणं काढायला बसलो. बसल्यावर जे आठवत गेलं ते दहा मिनिटांत मावणारं नव्हतं, आणि फारसं प्रेरणादायीही नव्हतं. म्हणून इथे लिहितो.

मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे सुरुवात मागूनच करणार. १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबरला लेखी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षणासाठीचा त्यांचा आग्रह आपण सगळे सांगतो. पण त्याच निवेदनात दोन गोष्टी आणखी आहेत. शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं, जमेल तिथे शाळेला जोडून लहानसं नमुन्याचं शेत असावं, ही एक. आणि दुसरी, सरकारी हायस्कुलांतलं शिक्षण रोजच्या व्यवहाराच्या कामाचं नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निघतात. हे वाक्य मी वर्गात शिकवताना नेहमी गाळत असे. शाळामास्तरानेच ते कसं वाचायचं?

हंटर आयोगानेही हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाकडे जाणारी. दुसऱ्या वाटेने फार कोणी गेलं नाही. सरकारी नोकरी पहिल्या वाटेच्या टोकाला होती, आणि लोक वेडे नव्हते.

मग १९३७. वर्ध्याला ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचं रूप दिलं. सूत काततानाच गणित, भूगोल, इतिहास. मी बी.एड.ला असताना 'नई तालीम'वर टीप लिहा हा प्रश्न हमखास यायचा. टीप सगळ्यांना यायची, टकळी कुणालाच यायची नाही.

पुढची हकिगत आकड्यांची आहे. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याने म्हटलं, वीस वर्षांत, म्हणजे १९८६ पर्यंत, दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणात असावीत. १९८६ उजाडलं, नवं राष्ट्रीय धोरण आलं, आणि त्यात लक्ष्य होतं १९९० पर्यंत दहा टक्के व १९९५ पर्यंत पंचवीस टक्के. १९९२ साली ते सुधारलं, म्हणजे तारखा पाच वर्षं पुढे ढकलल्या. २०२० च्या धोरणात पुन्हा निम्म्यावर आलो: २०२५ पर्यंत किमान पन्नास टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. 'ओळख' हा शब्द नीट बघा, कोठारींच्या वेळी तो नव्हता. आणि याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा हवाला देऊन सांगितलंय की १९ ते २४ वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांना रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेलं आहे. जर्मनीत पंचाहत्तर, दक्षिण कोरियात शहाण्णव. वर्गात एखाद्या पोराने गृहपाठाची तारीख अशी चार वेळा पुढे ढकलली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पण बाकावर मलाही उभं राहावं लागेल.

मी ज्या शाळेत होतो ती याच पट्ट्यातली. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, साठच्या दशकात एमआयडीसी, बजाज, टेल्को. आमची बहुतेक मुलं कामगारांची. पालकसभा पहिली पाळी सुटल्यावर घ्यावी लागे, नाहीतर फक्त आया येत. आजूबाजूला भोसरीपासून आकुर्डीपर्यंत लेथ, ड्रिल, प्रेस यांचा खडखडाट, आणि आम्ही 'कार्यानुभव'च्या तासाला काय शिकवत होतो? खडू पाडणं, फिनेल करणं आणि रुमालाला टाके घालणं. खडू इतके ठिसूळ व्हायचे की आम्ही शिक्षकच ते वापरत नसू. आणि परीक्षा जवळ आली की कार्यानुभवाचा तास गणिताचे सर मागून घेत. मीसुद्धा घेतलाय, इतिहासाचा पोर्शन उरला म्हणून.

'टेक्निकल' घेणारी मुलं होती. आठवीपासून ती टेक्निकल केंद्रात जायची, वर्कशॉप, ड्रॉइंग करायची. पॉलिटेक्निकला त्यांना काही जागा राखीव असत, म्हणून त्या विषयाला थोडा मान होता. मान होता तो जागेला, कानशीला नव्हता.

१९८६ च्या धोरणातून केंद्राची योजना आली आणि १९८८ नंतर महाराष्ट्रात अकरावी-बारावीला 'किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम' सुरू झाले. एवढं लांब नाव कोण घेणार? एमसीव्हीसी, किंवा नुसतंच व्होकेशनल. कागदावर योजना चांगलीच होती, आजही मी तसंच म्हणेन. तांत्रिक, वाणिज्य, शेती, गृहविज्ञान असे गट, लेखापरीक्षणापासून विद्युत तंत्रापर्यंत अभ्यासक्रम, प्रत्यक्ष आस्थापनेत जाऊन काम, जोडीला उद्योजकतेचे धडे. लिफ्टशेजारच्या कागदावर जे जे आहे ते सगळं, तेही सरकारी फीमध्ये.

आमच्याकडे वर्ग मंजूर झाला आणि जागा भरायच्या होत्या. दहावीच्या वर्गशिक्षकांनी नावं सुचवायची असं ठरलं. आम्ही तिघे शिक्षक स्टाफरूममध्ये निकालपत्रक घेऊन बसलो आणि यादी खालून वर करत गेलो. पस्तीस टक्के, अडतीस, एकेचाळीस. कुणी सांगितलं नव्हतं खालून सुरू करा म्हणून. आम्हाला ते आपोआपच सुचलं. पन्नासच्या आसपास आल्यावर जागा भरल्या आणि चहा आला.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. आम्ही तर मीठ घालायच्या आधीच तिला नावडती करून टाकलं.

त्याच आठवड्यात एक वडील आले. कंपनीत फिटर. मुलाला ७२ टक्के होते, तेव्हाच्या मानाने चांगले. मुलगा मला चांगला ठाऊक होता. शाळेचं सायक्लोस्टाइलचं यंत्र अडलं की शिपाई त्याला वर्गातून बोलावून नेत असे. वडील म्हणाले, "सर, याला त्या नव्या वर्गात घालू म्हणतो. हाताला गुण आहे त्याच्या." मला धक्काच बसला. कारण नेहमी उलट ऐकायची सवय: 'काही करा सर, पण माझ्यासारखे तेलकट कपडे याच्या अंगावर नकोत.' मी त्यांना समजावलं. बुद्धी आहे, सायन्सला घाला, त्या वर्गात कोण कोण आहे ते तरी बघा. आणि मी यादी दाखवली. मीच केलेली यादी मीच पुरावा म्हणून दाखवली! वडिलांनी ती वाचली, नमस्कार केला आणि मुलाला सायन्सला घातलं.

इथे एक बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. तेलकट कपडे नकोत म्हणणारा बाप चुकत नव्हता. ज्यांच्या कैक पिढ्या हातानेच राबल्या त्यांच्या पोरांना 'हाताचं काम शिका' असं ज्यांच्या घरात कधी कोणी हाताने राबलं नाही त्यांनी सांगावं, यात खोट आहे. मद्रास राज्यात राजाजींनी १९५३ साली अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली. ती पोरांना जातीच्या धंद्यात अडकवते म्हणून एवढं रान उठलं की १९५४ साली राजाजी गेले आणि पाठोपाठ योजनाही गेली. उठायलाच हवं होतं. पाटलाच्या पोराला, ब्राह्मणाच्या पोराला आणि फिटरच्या पोराला एकाच बाकावर बसवून तीच कानस हातात दिली तरच त्याला शिक्षण म्हणता येईल. आमची यादी म्हणजे गाळणी होती.

एका ठिकाणी असं एकाच बाकावर बसवलेलं मी पाहिलं, आणि ते काही जर्मनीत नाही. चाकणवरून राजगुरुनगरला जायचं आणि तिथून पाबळला. शिरूर तालुक्यातलं, पाण्याची ओरड असलेलं गाव. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रातली वरच्या पदाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. तो होता पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं एक केंद्र म्हणून, आणि ही संस्था स्थापणारे जे. पी. नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. अहवालात जे लिहिलं गेलं ते करून बघायला कोणीतरी निघालं, तेही आमच्यापासून एसटीने दोन-अडीच तासांवर.

नव्वदच्या दशकात आम्ही काही शिक्षक तिथे गेलो होतो. माळावर त्रिकोणांचे घुमट जोडून केलेली घरं. शेजारच्या हायस्कुलातली आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामाला येत. सगळी. हुशार, ढ, मुलगे, मुली. विषय चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. एक परकर-पोलक्यातली मुलगी काच डोळ्यांपुढे धरून वेल्डिंग करत होती, आणि आमच्यातले एक सर घाबरून चार पावलं मागे सरले. पण मला लक्षात राहिली ती वही. तयार झालेल्या लोखंडी स्टँडचा हिशेब त्या मुलीनेच मांडला होता. पट्टी किती किलो, रॉड किती, वीज किती, मजुरी किती, आणि शेवटी किंमत. स्टँड गावातल्या कुणाचा तरी होता, पैसे घेऊन केलेला. शाळेने गावाची कामं करायची आणि त्यातून शिकायचं, अशी तिथली रीत. विज्ञानाच्या तासाला ती मुलगी बाकीच्यांपेक्षा पुढे असते असं तिथल्या निदेशकाने सांगितलं, आणि मी विश्वास ठेवला नाही. परतीच्या गाडीत आम्ही 'आपल्याकडे हे कसं शक्य नाही' यावर एकमत केलं.

कलबाग २००३ साली गेले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या एमआयटीने पाबळला फॅब लॅब उभारायला मदत केली होती, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक. आश्रम चालू आहे. व्होकेशनलची नावं मात्र मधल्या काळात बदलत राहिली.

तो सायक्लोस्टाइलवाला मुलगा तीन वर्षांपूर्वी मला कोकणे चौकात भाजी घेताना भेटला. आता पन्नाशीचा. त्यानेच ओळखलं आणि भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. फिजिक्समध्ये दोनदा गेला होता. मग हेल्परची नोकरी, मग चोविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या शॉपमध्ये लेथवर पहिल्यापासून शिकणं. आज भोसरीत स्वतःचं शॉप आहे, सहा माणसं आहेत, जिग-फिक्स्चर करतो. मी म्हटलं, "अरे, तेव्हा मी..." तर म्हणाला, "तुमचा काय दोष सर, तेव्हा तसंच होतं." आणि मग पिशवी दुसऱ्या हातात घेत, "सहा वर्षं मात्र गेली."

काल मी त्या वर्गवाल्या बाईंना फोन केला. म्हटलं, माझी दहा मिनिटं एका माणसाला द्या. भोसरीला शॉप आहे त्याचं, मुलांना एक वस्तू आणून दाखवेल आणि तिची किंमत कशी काढतात ते त्यांच्याकडूनच करून घेईल. बाईंना कल्पना आवडली. "छान आहे सर! पत्रकात टाकायला त्यांचं शिक्षण काय लिहू?"

मी सांगितलं, बारावी नापास.

त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी कळवते हं सर." वर्ग सोमवारी सुरू व्हायचाय. आज शुक्रवार.