अकलोलीची ऊब, भिवंडीची वाफ

भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीत तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. वज्रेश्वरीला आलेले भाविक इथे अंग शेकून जातात. ही उष्णता फुकट आहे. तरी याच तालुक्यातले सायझिंगवाले ताण्याच्या सुताला खळ देऊन ते वाळवण्यासाठी लाकूड आणि कोळसा जाळत आले. असं का?

खळ वाळवायला वाफ लागते, आणि कुंडातलं पाणी उकळत नसतं. शिवाय त्याची ऊब दूर नेईपर्यंत निवते. म्हणून अकलोलीत माणसं उष्णतेकडे आली. कारखान्याला मात्र उष्णता दारात यावी लागते. उद्योगांच्या इंधनाचा इतिहास हा बराचसा या वाटांचा इतिहास आहे.

मुंबईच्या गिरण्या आधी कोळशावर चालत. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत तारेवरून मुंबईत आली आणि गिरण्या विजेकडे वळू लागल्या. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं. तेलासोबत वायूही निघाला; पण तो वापरायची पुरेशी सोय नव्हती, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं बराचसा वायू समुद्रातच जाळून टाकावा लागला. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत घरांपर्यंत व व्यवसायांपर्यंत वायूच्या नळाचं जाळं पसरू लागलं.

आता हिशेब पाहू. एक घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण ८,५०० ते ९,००० किलोकॅलरी उष्णता असते; विजेच्या एका युनिटात ८६०. म्हणजे उष्णतेपुरता एक घनमीटर वायू सुमारे दहा युनिटांच्या बरोबरीचा. माग फिरवायला वीजच सोयीची. बॉयलरसाठी वायूची तुलना कोळशाशी करायला हवी. ४,००० किलोकॅलरीचा कोळसा घेतला, तर दोन किलोंहून थोडा अधिक कोळसा एक घनमीटर वायूची जागा घेतो. पण त्याच्याबरोबर साठवणीची जागा, राख, धूर आणि भट्टीपुढे उभा राहणारा माणूसही हिशेबात धरावा लागतो. वायूला यातलं काही लागत नाही, आणि तेवढ्याच उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइडही जवळपास निम्माच निघतो.

मग सगळे वायूकडे का वळत नाहीत? कोळशाचा ढीग अंगणात रचून ठेवता येतो. नळाचा वायू साठवता येत नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर आयात वायूचे भाव भडकले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून महाराष्ट्राने वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्के केला. तरी वायू जीएसटीबाहेर असल्याने त्यावर भरलेल्या कराची वजावट मालावरच्या जीएसटीतून मिळत नाही. लहान कारखानदाराला हे ओझं जड जातं.

तेव्हा केवळ दर पाहून इंधन ठरवू नये. ते कोणत्या वाटेने येतं, ती वाट कोणाच्या हातात आहे आणि धूर कोणाच्या छातीत जातो, हेही वहीत मांडावं. यातला शेवटचा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही. तो भट्टीपुढचा माणूस भरतो.