बी.एस्सी., बी.ई. झालंय, आता फिजिक्सचा मास्तर व्हायचंय? बी.एड.चा कोणता रस्ता कुणासाठी, वाचा सविस्तर

बी.एस्सी. फिजिक्स किंवा इंजिनिअरिंग करून गावात क्लास घेणारी, कंपनीत किंवा शेतीत लागलेली पोरं बरीच आहेत. त्यातल्या अनेकांना उशिरा वाटतं, की शाळेत शिकवावं. पण नुसत्या पदवीवर मान्यताप्राप्त शाळेत कायम शिक्षक होता येत नाही. त्यासाठी बी.एड. लागतं. ‘घरबसल्या बी.एड.’ची जाहिरात बघून आधीच पैसे भरले, तर पैसा आणि दोन वर्षं दोन्ही वाया जाऊ शकतात. त्यामुळे नियम आधी समजून घेतलेले बरे.

कोणत्या वर्गाला काय लागतं?
नववी-दहावीला फिजिक्स वेगळा विषय नसतो. तो ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ मध्ये केमिस्ट्रीबरोबर येतो. दहावीचे गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगे हे धडे त्यातलेच. या वर्गांसाठी किमान ५० टक्के गुणांची पदवी आणि बी.एड. लागतं. अकरावी-बारावीला मात्र फिजिक्समध्येच एम.एस्सी., तेही ५० टक्क्यांनी, आणि वर बी.एड. हवं. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे.

रस्ता पहिला : रेग्युलर बी.एड.
नुसती पदवी असलेल्यांसाठी हाच मुख्य रस्ता. पदवीला किंवा पदव्युत्तरला ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गाला नियमानुसार सवलत आहे. राज्यात प्रवेश सीईटी सेलच्या बी.एड. सीईटीमधून होतो. त्यात फिजिक्स विचारत नाहीत. मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता यांवर प्रश्न असतात.
कोर्स दोन वर्षांचा आहे. वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या सरावाला (इंटर्नशिप) ९० टक्के हजेरी लागते. शाळेतलं काम एकूण किमान २० आठवड्यांचं असतं. म्हणजे नाव कॉलेजात आणि माणूस कंपनीत, हे नियमात बसत नाही. घर चालवणाऱ्याने दोन वर्षांच्या खर्चाचा हिशोब आधी मांडावा.

रस्ता दुसरा : इंजिनिअरसाठी
विज्ञान आणि गणित या विषयांसह बी.ई. किंवा बी.टेक. ५५ टक्क्यांनी झालेल्यांनाही बी.एड.ला प्रवेश घेता येतो. मात्र बी.ई. अधिक बी.एड. म्हणजे ज्युनिअर कॉलेजचा फिजिक्स शिक्षक, असं होत नाही. तिथे संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी लागतेच. एम.एस्सी. फिजिक्स इग्नूतून दूरशिक्षणानेही करता येतं, पण प्रॅक्टिकलला केंद्रावर हजर राहावं लागतं. इंजिनिअरने एम.एस्सी.च्या प्रवेशाची विषयाची अटही आधी वाचावी.

रस्ता तिसरा : दूरशिक्षणाने बी.एड.
सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठांचं बी.एड. खरं आहे, मान्य आहे. पण ते सगळ्यांसाठी नाही. प्राथमिकला नोकरीत असलेले प्रशिक्षित शिक्षक, किंवा डी.एड., डी.एल.एड. असा मान्यताप्राप्त कोर्स प्रत्यक्ष वर्गात बसून केलेले उमेदवार, यांनाच ते करता येतं. पदवीच्या गुणांची अट त्यांनाही आहे. झेडपी शाळेतल्या बी.एस्सी. झालेल्या डी.एड. गुरुजींना हायस्कूलकडे जायला हा चांगला रस्ता आहे. डी.एड. नसलेल्या बी.एस्सी.वाल्याला मात्र तो बंद आहे, एजंट काहीही सांगो.

एक वर्षाच्या बी.एड.चं काय?
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पदव्युत्तर किंवा चार वर्षांची पदवी झालेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. सांगितलं आहे. तीन वर्षांच्या पदवीवाल्याला ते लागू नाही. कुणी त्या नावाने प्रवेश देत असेल, तर त्या कोर्सला एन.सी.टी.ई.ची मान्यता आहे का, हे आधी बघावं.

बी.एड. झाल्यावर पुढे?
सहावी ते आठवीसाठी टीईटीचा पेपर २ पास व्हावा लागतो. त्यात गणित-विज्ञान हा गट निवडता येतो. पेपर १५० गुणांचा असतो आणि पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. राज्यातली शिक्षक भरती टेट (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) या २०० गुणांच्या परीक्षेवर आणि पवित्र पोर्टलवर चालते. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, नावात गल्लत करू नये.

पैसे भरण्याआधी हे तपासा
- कॉलेजचं नाव एन.सी.टी.ई.च्या मान्यताप्राप्त यादीत आहे का?
- ते कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे?
- आपली पदवी आणि टक्केवारी अटीत बसते का?
- फी कॉलेजच्या खात्यात जाते की कुणाच्या हातात? पावती मिळते का?
- ‘हजेरीची गरज नाही’ असं कुणी सांगतंय का? सांगत असेल तर तिथून उठावं.

पात्रता असेल तर वय वाढलं म्हणून बी.एड.चा रस्ता बंद होत नाही. भरतीला मात्र वयाची अट असते, ती जाहिरातीत बघूनच दोन वर्षांचा निर्णय घ्यावा.