उशाशी बसलेली सेवा

आई-वडिलांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून पुंडलिकाने प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुंडलिकाचे नाव राहिले. घरोघरी तीच सेवा करणाऱ्या आयाबायांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. साथीच्या दिवसांचा इतिहास वाचताना हे फार जाणवते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. पुढे रँडसाहेबाची समिती आली, गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण शिपाई येतील या धाकाने लोक रोगी लपवून ठेवत, असे आपण वाचतो तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. लपवलेल्या रोग्याजवळ बसत कोण होते? काखेत नाहीतर जांघेत गाठ, अंगात फणफणता ताप, न भागणारी तहान. घोटघोट पाणी पाजायचे, घाण काढायची, कपडे धुवायचे, आणि चूलही थांबवायची नाही. हे काम घरातल्या बाईचे. त्याला मजुरी नव्हती, ‘काम’ हे नावही नव्हते. रोगी दवाखान्यात नेला, तरी तिच्या जिवाला घोर होताच. तिथे बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड तक्रार केली, तेव्हा ती विलायतेपर्यंत गाजली.

एक नाव मात्र राहिले, सावित्रीबाई फुले यांचे. त्या सत्यशोधक; आपल्या संप्रदायातल्या नव्हेत. पण माउली हा शब्द आपण ज्या अर्थाने उच्चारतो, तो त्यांना पुरेपूर लागू पडतो, असे मला वाटते. त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव डॉक्टर होते. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला, ससाणे मळ्यात माय-लेकांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाईंचे वय तेव्हा ६६. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांचा मुलगा आजारी पडल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. ज्याची सावलीही लोक टाळत, त्याला या बाईने पाठीशी बांधले! ‘महारवाडा’ हा शब्द गाळून ही हकीकत सांगण्याची रीत पडली आहे; ती मला पटत नाही.

मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. फौजेची घरझडती सुरू झाली, ती त्यानंतर. यशवंतरावही पुढे काही वर्षांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेले.