सीतादेवींचं नाव कुणी घेतलं नाही

केरळात वर्कलाजवळ, समुद्रकाठी, फक्त बायकांसाठी भरलेल्या योग आणि कला शिबिराला मी नुकतीच जाऊन आले. सकाळी आसनं, दुपारी तांदळाचं पीठ, हळद, कोळशाची पूड घेऊन जमिनीवर कळम् रेखाटायचं. (परंपरेनं हे काम कुरुप पुरुषांचं. आपल्या रांगोळीच्या अगदी उलट!)

तिथं गप्पांत इंद्रादेवींचा विषय निघाला. रीगात जन्मलेल्या या बाई १९३०च्या दशकाच्या अखेरीस म्हैसूरला कृष्णम्माचार्यांकडे योग शिकायला गेल्या. गुरूंनी आधी साफ नकार दिला. एक तर बाई, त्यात परदेशी. मग म्हैसूरच्या महाराजांनी शब्द टाकला आणि प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी थेट हॉलिवूडमध्ये योगवर्ग काढला. ‘बायकांसाठी योगाचं दार तिनं उघडलं,’ असं एकजण म्हणाली, बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला ते पटलं नाही. राजा, नकार, हॉलिवूड... गोष्ट रंगतदार आहे, म्हणून ती टिकली. पण मुंबईत सीतादेवी योगेंद्र होत्या. त्यांचे पती योगेंद्र यांनी १९१८ साली वर्सोव्याला द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली होती. बायकांनी योग कसा करावा, यावर सीतादेवींनी इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, ‘योगा फिजिकल एज्युकेशन फॉर विमेन’. ते छापून आलं १९३४ साली, म्हैसूरच्या त्या नकाराच्याही आधी.